थोर इंग्रजाचं वाण

आमच्या कामोठ्यात इंग्रजी साहित्य कोळून प्यायलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे मी, श्यामसुंदर! हे मला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

त्यातही माझी खास दोस्ती त्या थोर इंग्रज नाटककाराशी. नाटककार आणि कवी, दोन्ही! नाव सांगायला हवं का? पुढून टक्कल, मागून केस, टोकदार दाढी आणि गळ्याभोवती करंजीच्या मुरडीसारखी कॉलर. तोच तो! नोकरीत असताना कचेरीतला एकही निरोप समारंभ माझ्या भाषणाशिवाय पार पडला नाही, आणि माझं एकही भाषण "थोर इंग्रज नाटककार म्हणून गेला आहे" या वाक्याशिवाय सुरू झालं नाही. काय म्हणून गेला आहे, ते कोण निवृत्त होतंय यावर अवलंबून असे. शिपाई असेल तर तो निष्ठेबद्दल म्हणून गेलेला असायचा, साहेब असेल तर नेतृत्वाबद्दल. कुणीही कधी हटकलं नाही. टाळ्यांचा मात्र कडकडाट!

तर या संक्रांतीला मी ठरवलं, की आपल्या घरातला सगळ्यात मोठा पेच या थोर माणसाच्या मदतीनं सोडवायचा.

पेच असा होता. आमच्या समोरच्या दारात हौसेराव आणि राजेश्वरीवहिनी राहतात. मूळचे साताऱ्याकडचे. हौसेराव वाशीच्या मार्केटात माथाडी होते, पुढे मुकादम झाले आणि निवृत्त होऊन आमच्या मजल्यावर आले. माझी बायको सुनीती आणि राजेश्वरीवहिनी म्हणजे काय सांगू! एकीनं कढीला फोडणी दिली की दुसरीला ठसका लागायचा. सुनीतीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर आमच्या घरी भाकऱ्या राजेश्वरीवहिनींच्या हातच्या. आणि रोज संध्याकाळी मी आणि हौसेराव त्यांच्या गॅलरीत कॅरम खेळायचो. वहिनी चहा करायच्या, त्यात गवती चहा घालायच्या. सुख यापेक्षा वेगळं असतं का हो?

मग आली दिवाळी. सुनीतीनं अनारसे केले, स्टीलच्या डब्यात भरून समोर दिले. चार दिवसांनी डबा परत आला.

रिकामा!

आता तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. रिकामा डबा म्हणजे "तुमचं आमचं संपलं!" आणि हा तर रिकामाच नव्हे, वर घासूनपुसून लख्ख केलेला!

"माझं काय चुकलं हो?" सुनीती डब्यात बघत म्हणाली. "अनारसे कडक झाले होते का?"

"जरासे," मी खरं बोललो. तिथे मीही चुकलोच.

झालं! त्या दिवसापासून अबोला. लिफ्टमध्ये दोघी समोरासमोर आल्या की एक जिन्यानं जायची. माझा कॅरम बंद, चहा बंद. मी आणि हौसेराव गॅलरीतून खालच्या गुलमोहराकडे बघत फोनवर बोलायचो. आणि सुनीतीचं म्हणाल, तर ती वरून ताठ होती, पण चारच्या चहाला अजूनही दोन कप पाणी ठेवायची. मी दुपारचा चहा घेत नाही. जास्तीचा कप ती मुकाट्यानं सिंकमध्ये ओतायची. ते मला बघवत नसे.

शेवटी जानेवारीत तिनंच म्हटलं, "मी हळदीकुंकू करतेय. समोर बोलावणं पाठवलंय गीतांजलीबरोबर. येते म्हणाली."

गीतांजली म्हणजे खालच्या मजल्यावरची सून. हुशार पोरगी. कॉलेजात शिकवते. काय शिकवते ते मी कधी विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं!

"येते म्हणाली?" मी उडालोच. "मग मिटलं की!"

"आली तर मिटलं. आणि काही बिनसलं तर कायमचं तुटलं. या वेळी सगळं कसं नीट व्हायला हवं. वाणसुद्धा चांगलं हवं."

वाण! इथे माझ्या डोक्यात वीज चमकली.

"काय देणार आहेस?"

"स्टीलचे छोटे डबे. झाकणावर ज्याचं त्याचं नाव घालून. म्हणजे पुन्हा कुणाचा डबा कुणाकडे राहायला नको."

"नुसतं नाव? अगं, गेल्या वर्षी ज्ञानेश्वरीताईंनी मोबाइलचे स्टँड वाटले! तू नुसते डबे देणार? डब्यावर थोर इंग्रज नाटककाराची सुवचनं घालू! प्रत्येक डब्यावर वेगळं! बायका वाचतील, विचार करतील, मनं मोठी होतील, अबोले गळून पडतील!"

"वाण हे वाण असतं हो. त्याला सुवचन कशाला?"

"सुनीती, हा माणूस चारशे वर्षं टिकलाय. तुझे अनारसे चार दिवस टिकत नाहीत."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. याचा अर्थ मी होकार असा घेतला.

आता सुवचनं काढायची. माझ्याकडे त्या नाटककाराचा समग्र ग्रंथ आहे. नवीन पनवेलच्या रद्दीवाल्याकडून वजनावर घेतलेला. मी तो उघडला. अक्षर खसखशीएवढं, आणि इंग्रजी अशी, की शब्द ओळखीचे वाटतात पण एकमेकांशी बोलत नाहीत. आमच्या मजल्यासारखं! तिसऱ्या पानावर मला झोप लागली. जाग आली तेव्हा ग्रंथ छातीवर होता आणि मन अगदी प्रसन्न. मी विचार केला, आपण याला इतकी वर्षं ओळखतो. तो काय म्हणाला हे शोधत बसण्यापेक्षा, तो काय म्हणाला असता ते लिहू! म्हटलं नसेल त्यानं, पण कामोठ्यात राहिला असता तर नक्की म्हटलं असतं!

आणि काय सांगू, धडाधड सुचत गेलं. एकेक वाक्य असं, की माझं मलाच वाटलं, अरे, आपण इंग्लंडात जन्माला आलो असतो तर त्या बिचाऱ्याचं काय झालं असतं!

कागद घेऊन मी खांदेश्वर स्टेशनच्या बाजूला भांड्यांचं दुकान आहे तिथे गेलो. तिथे सिताराम भांड्यांवर नावं घालतो. कानाला पेन्सिल, हातात ते घर्रर्र करणारं मशीन.

"काका, नावं काकूंनी फोनवर सांगितलीत," तो म्हणाला. "आता ह्ये काय?"

"ही सुवचनं. एकेका डब्यावर एकेक. कुठलंही कुठेही चालेल, सगळीच थोर आहेत. आणि खाली त्या थोर माणसाचं नाव."

मी नाव सांगितलं. त्यानं दोनदा विचारलं, मग मशीन खाली ठेवलं.

"येवढं नाव झाकणाला बसायचं नाय. 'थोर इंग्रज' लिवतो. चालंल?"

"धावेल!" मी म्हणालो.

डबे आले ते हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी, प्रत्येक डबा वर्तमानपत्रात गुंडाळलेला. कागदावर पेन्सिलीनं नावं. सुनीती तोवर काळी चंद्रकळा नेसून, रांगोळी, अत्तरदाणी, तिळाच्या वड्या असं सगळं मांडून बसली होती. उघडून बघायला कुणाला वेळ!

"येईल ना हो ती?"

"येणारच!" मी म्हणालो. "तू फक्त डबा हातात दे. पुढचं थोर इंग्रज बघून घेईल."

हळदीकुंकवाला पुरुषाची जागा आतल्या खोलीत. मी आत गेलो, तर पाच मिनिटांनी हौसेराव चोरपावलांनी आत! समोरच्या घरात एकटे बसवेना म्हणून आले होते. सदऱ्याच्या खिशात तिळाच्या दोन वड्या. येता येता ताटातून उचललेल्या.

"हौसेराव, तुम्हाला शुगर आहे!"

"गप बसा वो. सणाला शुगर नसती." त्यांनी एक वडी तोंडात टाकली. "आमची आलीया बाहेर. डोस्क्यात मोगरा बिगरा घालून. आज मिटतंय बगा."

आम्ही दाराला कान लावले. बांगड्या वाजत होत्या, "अय्या, किती छान!" चाललं होतं. मग सुनीतीचा आवाज आला, "घ्या ना, वाण घ्या. ह्यांनी खास करून घेतलंय. उघडून बघा सगळ्यांनी!"

कागद फाडल्याचे आवाज. मी टाळ्यांची वाट बघू लागलो.

टाळ्या नाहीत. आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष ज्ञानेश्वरीताई मोठ्यानं वाचू लागल्या.

"सौ. ज्ञानेश्वरी यांस. फार बोलणाऱ्याचा चहा नेहमी गार होतो!"

यांस? सितारामनं नाव आणि सुवचन एकाखाली एक घातलं होतं. पोस्टकार्डावर घालतात तसं!

इथे एक सांगायला हवं. ज्ञानेश्वरीताई आभार मानायला उभ्या राहिल्या की माणसं चपला शोधू लागतात. हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे. पण स्टीलवर कुणी कोरलं नव्हतं!

"म्हणजे मी फार बोलते?" त्या म्हणाल्या. "मी? जिनं प्रजासत्ताक दिनाला फक्त वीस मिनिटांत आटोपलं? जिनं पाण्याच्या टँकरच्या प्रश्नावर, तुम्हाला आठवत असेल, त्या दिवशी पाऊस होता, नाही, पाऊस त्याच्या आदल्या दिवशी होता..."

"अहो ताई, तुमच्यासाठी नाही ते!" सुनीती.

"नाव माझं आहे!"

तेवढ्यात दुसरा आवाज. हा गोजराचा. गोजरा करावे गावातली. आमच्या सोसायटीत मासे घेऊन येते आणि सुनीतीला बहीण मानते. ती वाचायला लागली, अक्षर लावत लावत.

"सौ. गोजरा यांस. वास आनी वार्ता... दाबून... ऱ्हात नाय."

झाकण खाडकन लागलं.

"दादा कुठं हायत? बोलवा त्यांना! माज्या म्हावऱ्याच्या वासावर बोलतंय काय यो तुमचा इंग्रज? पापलेट घेताना बरा वास येत नाय तुमाना!"

"श्यामराव," हौसेराव कुजबुजले, "खिडकीतनं उतरता येतंय का बगा."

"चौथा मजला आहे!"

"म्हनूनच म्हनलं, बगा."

"अहो!" बाहेरून सुनीतीची हाक. "जरा बाहेर या!"

गेलो. काय करणार! सगळ्या बायका काळ्या साड्या नेसून, हातात डबे घेऊन माझ्याकडे बघत होत्या. कोपऱ्यात राजेश्वरीवहिनी. त्यांच्या हातातला डबा अजून कागदात होता. डोक्यात मोगरा होता. मी आशेनं त्यांच्याकडे बघितलं, त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

मी घसा साफ केला. निरोप समारंभाचा अनुभव कामी आला.

"भगिनींनो! हे मी म्हटलेलं नाही! हे चारशे वर्षांपूर्वी थोर इंग्रज नाटककार आणि कवी म्हणून गेला आहे. तो बिचारा ज्ञानेश्वरीताईंना ओळखत नव्हता. गोजराबाईंकडून त्यानं कधी बोंबीलसुद्धा घेतला नाही! नावं वर आली ती सितारामच्या चुकीनं. राग धरायचा तर इंग्रजावर धरा!"

"बरोबर आहे," सुनीती पुढे झाली. भलती खंबीर बाई! "हे माझ्या देखत त्या जाडजूड पुस्तकातून काढत होते. रात्रंदिवस वाचत होते. एवढ्या थोर माणसाचं बोलणं, आपण मनाला लावून घ्यायचं नाही."

ज्ञानेश्वरीताई थोड्या निवळल्या. "तो फारच मोठा होता म्हणा. आमच्या मंडळात मी एकदा त्याच्यावर बोलले होते, तेव्हा..."

"माझा बघते हं!" गीतांजली उत्साहानं म्हणाली. तिनं झाकण उजेडाकडे धरलं. "सौ. गीतांजली यांस. शहाण्याला शंका आणि वेड्याला झोप लगेच येते. अय्या, मस्त आहे!" ती हसली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. म्हणजे तिला लगेच शंका आली.

"काका, हे कुठल्या नाटकातलं?"

"त्या... मधल्या."

"मधल्या?"

"सुरुवातीच्या आणि शेवटच्या नाटकांच्या मधल्या."

"नाही, मी त्याच्यावरच पीएचडी करतेय ना, म्हणून विचारलं. मला कधी सापडलं नाही हे." ती अगदी निरागसपणे म्हणाली. "आणि ताईंच्या डब्यावर चहा आहे. काका, त्याच्या काळात इंग्लंडात चहा पोचलाच नव्हता. तो गेल्यावर कितीतरी वर्षांनी पोचला."

हळदीकुंकवाच्या ताटातलं गुलाबपाणी घेऊन मी तोंडावर शिंपडलं.

"मग काय प्यायचे ते?" गोजरानं विचारलं.

"बिअर वगैरे."

"म्हंजी यो चहावाला इंग्रज कोन?"

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. तुमच्या लक्षात येतंय का माझं काय झालं? इंग्रज होता तोवर मी सुटत होतो. गीतांजलीनं इंग्रज काढून घेतला! आता उरलो मी एकटा. आणि मी तर ज्ञानेश्वरीताईंना चांगला ओळखत होतो, गोजराकडून दर बुधवारी मासे घेत होतो!

"म्हटलं नसेल त्यानं," मी चाचरत म्हणालो, "पण कामोठ्यात राहिला असता तर नक्की म्हटलं असतं..."

"म्हणजे तुम्ही म्हटलंत!" ज्ञानेश्वरीताई कडाडल्या.

आणि त्या गोंधळात कागद फाटल्याचा आवाज आला. राजेश्वरीवहिनींनी डबा उघडला होता.

त्यांनी झाकण वाचलं. पुन्हा वाचलं. चेहरा काळवंडला. डबा टीपॉयवर ठेवला, पदर खोचला आणि दाराकडे निघाल्या. सुनीतीनं धावत जाऊन झाकण उचललं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं.

"सौ. राजेश्वरी यांस. रिकामं पाठवलं तरी प्रेम पोचतं."

देवा! इतक्या डब्यांतून सितारामला नेमका हाच सापडला! मी हे लिहिलं तेव्हा माझ्या मनात रिकामी पाकिटं होती, विरह होता, प्रेम होतं. पण दिवाळीपासून घरात विषय एकच. पेनानं तोच उचलला, त्याला मी काय करू!

सुनीतीच्या हातातून झाकण खाली पडलं. ती रडवेली झाली. एवढी मांडामांड, एवढी चंद्रकळा, आणि मैत्रीण दारातून चालली होती. ती कायमची चालली होती! मला स्वतःचा असा राग आला, की त्या समग्र ग्रंथानं माझं डोकं फोडून घ्यावं.

"राजेश्वरी, थांब गं!" सुनीती ओरडली. "मी नाही लिहिलं ते! शपथ!"

वहिनी उंबऱ्यात थांबल्या. दिवाळीनंतर हिनं पहिल्यांदा त्यांना हाक मारली होती. त्या वळल्या. आणि तोंड उघडलं ते असं, की अबोला गेला कुठल्या कुठे!

"रिकामं? कोन रिकामं धाडलं? मी? अगं, काय बी नसलं तर तांदळाचे चार दानं घालून धाडणारी बाई मी! तुला रिकामा डबा धाडीन व्हय?"

"मग दिवाळीचा डबा?"

"त्यात कंदी पेढं हुतं! माज्या भावानं साताऱ्यास्नं आनलेलं, खास तुज्यासाठी काडून ठेवलेलं! गच भरून धाडला डबा. आन् तू पेढं खाऊन बसलीस, कसं झाल्यातं म्हनून येका शब्दानं इचारलं न्हाईस! मी म्हनलं, हिला आता आपलं ग्वाड लागंना. मग म्या कशापाई बोलू?"

सुनीतीनं तोंडावर हात ठेवला. "अगं, माझ्याकडे डबा आला तो रिकामा! घासलेला!"

"घासलेला? मी पेढं भरून दिला, त्यो घासलेला कसा आला? चार पावलांचं तर अंतर हाय! दिला ह्येंच्या हातात, आन्..."

वहिनी मध्येच थांबल्या.

सुनीतीही थांबली.

"हौसेराव भावजी आहेत कुठे?" तिनं हळूच विचारलं.

आतल्या खोलीत काहीतरी धडपडलं. मी मित्राला जागलो. दाराकडे अजिबात बघितलं नाही. पण सगळ्या बायका दाराकडेच बघत होत्या. दार उघडलं आणि हौसेराव बाहेर आले. मिशीला तीळ लागलेला.

"मी येकच काडला," ते म्हणाले.

"येक?"

"पयला येकच. पर येक काडल्यावर मधी खड्डा दिसाया लागला. शेजारच्या घरात खड्ड्याचा डबा द्यायचा, बरं दिसतं व्हय? म्हनून शेजारचा काडला, सपाट करायला. तवर लिफ्ट आली. म्हनलं खाली जाऊन निवांत सपाट करावं. खाली जाईस्तवर चारच ऱ्हायलं. आता चार पेढं दिलं तर वहिनी म्हनत्याल, काय चिकट मानसं हायती! तुमच्या अब्रूसाटी खाल्लं मी ते. मग म्हनलं खरकाटा डबा नगो द्यायला, वॉचमनच्या नळावर घासला."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. एखादा डबा फेकून मारतील असं वाटलं. पण आधी सुनीतीला हसू फुटलं. मग वहिनींना. मग दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून अशा हसल्या, की हसता हसता रडायलाच लागल्या. "तुज्या गुडघ्याचं कसं हाय गं?" "तुझ्याशिवाय चहा गोड लागत नव्हता गं!" गोजरानं पदरानं डोळे पुसले. ज्ञानेश्वरीताई आभार मानायला उभ्या राहिल्या, मग हातातल्या डब्याकडे बघून पुन्हा खाली बसल्या.

माझा ऊर भरून आला. सगळं सुरळीत! मी दोन पावलं पुढे झालो.

"बघितलंत? शेवटी सुवचनानंच काम केलं! रिकामं पाठवलं तरी प्रेम..."

"काकू," गीतांजली मध्येच म्हणाली, "हा एक डबा उरलाय. कागदावर तुमचंच नाव आहे."

उरलाय? अरे देवा! सिताराम! फोनवर नावं सांगणाऱ्या बाईचंही नाव त्यानं घालून टाकलं होतं! आणि मला एकदम आठवलं, की यादीच्या शेवटी, रात्री जेवताना भाजी तिखट लागली म्हणून, मी एक सुवचन जरा गमतीत लिहिलं होतं.

"नको उघडूस," मी म्हणालो. "तो सांपल आहे."

सुनीतीनं उघडला. वाचला. मग राजेश्वरीवहिनींच्या हातात दिला. वहिनींनी मोठ्यानं वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"सौ. सुनीती यांस. कमी तिखट भाजी आणि कमी बोलणारी बायको, दोन्ही मिळायला नशीब लागतं."

माझ्यासाठी मघापासून खिंड लढवणारी बाई ती! आता ती आणि राजेश्वरीवहिनी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. दिवाळीनंतर पहिल्यांदाच त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट मी होतो.

पुढचं सगळं सांगत नाही. हळदीकुंकवाची भांडी त्या रात्री मी आणि हौसेरावांनी घासली. हौसेरावांचा हात चांगला बसलेला होता, सराव होता ना!

दुसऱ्या दिवशी दोघी सकाळीच कुठेतरी गेल्या. हातात हात घालून, लिफ्टमधून! संध्याकाळी माझ्यापुढे आणि हौसेरावांपुढे एकेक डबा आला. नवा कोरा, सितारामच्या हातचा. हौसेरावांच्या झाकणावर होतं, "श्री. हौसेराव यांस. वाटेत खाऊ नये." आत मेथीचे दाणे. माझा डबा मी भीत भीत उघडला. रिकामा नव्हता, तिळगूळ होता. बरं वाटलं. मग झाकण उलटं करून चष्मा लावला.

"श्री. श्यामसुंदर यांस. तिळगूळ घ्या, कमी बोला. थोर इंग्रज."

मी काही इतक्यात हार मानणारा नव्हे. डबा घेऊन तडक खाली गीतांजलीकडे गेलो.

"गीतांजली, तू अभ्यासक आहेस. आता न्याय कर. हे त्या थोर माणसानं कुठे म्हटलंय का? सांग त्या दोघींना!"

तिनं झाकण उजेडाकडे धरून नीट वाचलं.

"नाही काका," ती म्हणाली, "म्हटलेलं नाहीये त्यानं. पण कामोठ्यात राहिला असता ना, तेही तुमच्या मजल्यावर, तर नक्की म्हटलं असतं!"

यावर माझ्याकडे एक फर्मास उत्तर होतं. पण तोंडात तिळगूळ होता.